कुपीतलं निळं कोणी नेलं?

१

कुपीतलं निळं पुन्हा नाहीसं झालं होतं.

सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वंग यी-रूने ती चौकोनी कुपी अतिनील दिव्यासमोर धरली होती. आतलं पाण्यासारखं द्रावण बघता बघता शाईसारखं निळं झालं. मग तिने कुपी यंत्राच्या पोटात ठेवली, काळं झाकण लावलं आणि हात मागे घेतले. त्यानंतर यंत्राला कोणी बोटही लावलं नाही. दोन साक्षीदार दिवसभर समोर खुर्च्या टाकून बसले होते. संध्याकाळी झाकण उघडलं, तर आत पाणी.

ही तिसरी चाचणी. तिन्ही वेळा हाच प्रकार.

यी-रूचा सगळा प्रबंध एका गोष्टीवर उभा होता. तिने घडवलेला रेणू अतिनील प्रकाश पिऊन निळा होतो आणि अंधारात ठेवला तर तीन दिवस निळाच राहतो. असे रंग बदलणारे रेणू पुष्कळ असतात, पण ते तासाभरात मूळपदावर येतात. तीन दिवस टिकणारा कोणाला मिळाला नव्हता. तिच्या आकड्यांत तो टिकत होता. परीक्षक म्हणाले, एकदा आमच्यासमोर करून दाखव. आणि तेव्हापासून निळं उतरायला लागलं ते लागलंच. तैवानमधल्या शिंचूच्या त्या संस्थेत मग व्हायची ती कुजबुज झाली. पोरीने आकडे मनाने लिहिले म्हणे.

चौकशीला बाहेरून बोलावलं होतं चुआंग स्यू-यून यांना. अर्धं आयुष्य त्यांनी असल्याच यंत्रांच्या भानगडी निस्तरण्यात घालवलं होतं आणि त्यात त्यांचा स्वभाव पार तिखट होऊन गेला होता. अहवाल उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. 'कारण सापडलं नाही' असं लिहिलं, तर त्याचा अर्थ सगळे एकच लावणार होते. यी-रूची पदवी गेली आणि पाच वर्षंही गेली.

"यंत्र काही खोटं बोलत नाही, चुआंगबाई," यी-रूचे मार्गदर्शक लाय सर हळूच म्हणाले.

"मग कोण बोलतंय ते नाव घेऊन सांगा," चुआंगबाई म्हणाल्या.  लाय सरांनी फक्त यी-रूकडे बघितलं.

२

लाय सरांची खोली चौथ्या मजल्यावर. चहा उत्तम होता, माणूस मात्र बुळबुळीत. कुठलाही प्रश्न विचारला की गाडी त्यांच्या नव्या बढतीवर यायची.

"मी तिला मुलीसारखं मानतो हो. म्हणून म्हणतो, वाढवू नका. 'माझ्या हातून चूक झाली, मी प्रबंध मागे घेते' एवढं लिहून तिने सही केली की मिटलं. संस्थेचं नाव राहील, तीही सुटेल. वय आहे तिचं, कुठेही नोकरी लागेल."

"तिने चूक केलीय असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"माझ्या वाटण्याला काय किंमत, बाई?"

चुआंगबाईंनी अर्धा चहा तसाच सोडला आणि त्या तळघरात उतरल्या.

खोलीला खिडकी नव्हती. छताला पांढऱ्या नळ्यांचे दिवे, खाली टेबलं, मधोमध यंत्र. पंग शाओ-चिए तिथेच सामान आवरत होता. यी-रूला तो वरिष्ठ. त्याची पदवी जुलैमध्येच झाली होती आणि पुढच्या महिन्यात तो नोकरीसाठी ओसाकाला निघाला होता.

"यंत्र झकास आहे, मॅडम," तो म्हणाला. "मीसुद्धा दोन वर्षं यावरच काम केलंय. माझा रेणू गरम केल्यावर रंग किती वेळ धरतो, ते मोजायचो. आत तार सोडून तापमान घ्यायचं आणि रात्रभर चालू ठेवायचं. कधी दगा दिला नाही."

"मग यी-रूलाच कसा देतंय?"

"ते मी कसं सांगू?" तो खोक्याला चिकटपट्टी लावत राहिला. "थकलीय हो ती. मी तिला म्हटलं, सोडून दे आता. किती जिवाला लावून घ्यायचं."

यंत्राच्या एका कडेला हिरव्या पुडीतला कुरकुरीत खाऊ उभा करून ठेवला होता. तैवानात असं यंत्र विरळाच, ज्याच्याजवळ ही पुडी नाही. पुडीच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग' असा. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटलेली नको आणि खायची तर मुळीच नाही. चुआंगबाईंना या प्रकाराचा मनापासून संताप यायचा. तेवढ्यात त्या पुडीची देखभाल करणारी बाईच दारात आली. शिएमावशी, संस्थेचं टपाल आणि खरेदी बघणाऱ्या.

"पुडीमुळे नाही हं झालं हे," मावशींनी आल्या आल्या बजावलं. "सगळे माझ्याकडेच बघतायत. मी भुतांच्या पूजेच्या दिवशी, चाचण्या सुरू व्हायच्या आधीच, आठवणीने नवी ठेवली. जुनीची तारीख उलटली होती. अशी कशी राग धरेल ती?"

"मावशी, रागालोभाचं यंत्रात काही नसतं."

"मग तुम्ही दोन दिवस काय शोधताय?" मावशी म्हणाल्या आणि निघून गेल्या. चुआंगबाईंचं डोकं आणखीच तापलं.

त्या रात्रीपर्यंत त्यांनी एकेक शक्यता खोडून काढली. द्रावक नव्या बाटलीतला घेतला, फरक नाही. साधी काच अतिनील किरण गिळते, म्हणून कोणी क्वार्ट्झच्या जागी काचेची कुपी ठेवली की काय तेही बघितलं. कुपी अस्सल क्वार्ट्झची होती. यंत्राचा दिवा ठीक. मग उरला उजेड. निळ्या रूपाला साधा उजेड लागला की ते परत पाण्यासारखं होतं, म्हणूनच तर अंधार हवा. चुआंगबाईंनी झाकण बंद करून वरून मोठ्या विजेरीचा झोत सगळीकडे फिरवला. पडद्यावरचा आकडा तसूभरही हलला नाही. म्हणजे आत उजेड जात नाही. खोडा तेही.

यी-रू बाजूला गुडघ्यावर हात ठेवून बसली होती.

"बाई, तुम्हाला तरी वाटतं का, मी खोटं लिहिलं?"

"मला काय वाटतं ते सोड. तू सांग."

"मी आता स्वतःलाच विचारते," ती म्हणाली. "बघितलं होतं ना मी ते निळं? का मलाच तसं दिसावं असं वाटत होतं? सर रोज विचारतात, खरं सांग, आकडे कुठून आणलेस. रोज तेच ऐकल्यावर मला आता ठामपणे काही सांगता येत नाही."

चुआंगबाईंनी विजेरी बाजूला ठेवली. एवढी हुशार पोर, आणि हिने स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा घालवलाय. उद्या स्वतः यंत्रासमोर बसायचं, त्यांनी ठरवलं. कागदावरच्या आलेखातले तास-दोन तासांचे ठिपके बघायचेच नाहीत. आकडा उतरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कुपी निळी करून आत ठेवली आणि चुआंगबाई ठाण मांडून बसल्या. यंत्र दर मिनिटाला कुपीतून नारिंगी उजेडाचा एक क्षीण किरण क्षणभर सोडत होतं आणि रेणू त्यातला किती गिळतो ते पडद्यावर दाखवत होतं. निळं जितकं उरलेलं, तितका आकडा मोठा. आणि आकडा उतरत होता. मुंगीच्या पावलांनी, पण न थांबता.

तासन् तास त्यांनी तेच बघितलं. पाठ आखडली. मध्येच लाय सरांचा निरोप आला आणि यी-रू वर गेली. जाताना तिने काही विचारलं नाही. कशाला बोलावलंय ते तिलाही कळत होतं आणि बाईंनाही. बाईंना तिला थांबवावंसं वाटलं, पण थांबवून दाखवायला हातात होतं काय?

साडेबारा वाजले. जेवणाचे डबे संपले आणि साऱ्या इमारतीत रोज होतं तेच झालं. एकेक खोलीतले दिवे मालवले गेले. दुपारची झोप म्हणजे इथे शाळेपासूनची सवय. मंत्र्याच्या कचेरीतही टेबलावर डोकी टेकतात. तळघरातला दिवा पंगने बंद केला, हाताची उशी केली आणि टेबलावर मान टाकली.

चुआंगबाईंना झोप कसली येतेय. काळोखात त्या एकट्याच पडद्याकडे बघत राहिल्या. अहवालाची पहिली ओळ मनात जुळवायला लागल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण मघापासून तोच आकडा वाचतोय.

आकडा उतरत नव्हता.

त्यांनी डोळे चोळले. यंत्र अडकलं म्हणावं, तर घड्याळ चालू होतं आणि नवी मोजणी होत होती. दर वेळी उत्तर तेच. सकाळभर घसरणारं निळं गप्प उभं होतं. जणू रेणूही वामकुक्षीला आडवा झाला होता.

दीड वाजता कोणीतरी बाहेरून दिव्यांच्या पट्टीवरची सगळी बटणं खटाखट लावली आणि खोली पांढरी झाली. आकडा पुन्हा उतरू लागला.

"उजेड," चुआंगबाई मोठ्याने म्हणाल्या. "अगं बाई, उजेडच आहे हा."

पंगने टेबलावरून डोकं वर केलं.

४

पण विजेरीला आकडा हलला नव्हता, त्याचं काय? चुआंगबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आपण यंत्राला विचारलं, रेणूला विचारलंच नाही. असलं यंत्र बाहेरून आत शिरलेला उजेड क्षणोक्षणी मोजून आपला आपण वजा करून टाकतं. त्याला विजेरी दाखवली काय आणि सूर्य दाखवला काय, आकडा शहाण्यासारखा जागच्या जागी. रेणूला कुठे वजाबाकी येते? त्याच्यावर पडला तो पडला. विजेरी मिनिटभर होती, तेवढ्यात त्याचं फारसं बिघडलं नाही. छताचे दिवे दिवसभर होते. तीस वर्षं या धंद्यात, आणि कालची अख्खी रात्र आपण या एका गैरसमजापायी घालवली. त्यांना स्वतःचाच इतका राग आला की क्षणभर पुढचं सुचेना.

मग त्यांनी काळ्या झाकणावरून तळहात फिरवला. मागच्या कडेला, बिजागरीजवळ, करंगळी आत गेली. काळ्यावर काळं भोक. असल्या झाकणाला तार किंवा नळी आत सोडायला भोक ठेवतात आणि एरवी रबरी बुचाने बंद करतात. इथे बूच नव्हतं. भोक बरोबर कुपीच्या डोक्यावर आणि त्याच्या वर छताची नळी.

पण मग पूर्वी निळं तीन दिवस कसं टिकलं? पूर्वी या भोकावर काहीतरी असणार. चुआंगबाई धापा टाकत टपालखोलीत पोचल्या.

"मावशी, ती जुनी पुडी कुठे होती? आत्ता उभी आहे तिथेच?"

"छे हो. ती बिचारी झाकणावर आडवी पडलेली, मागच्या बाजूला. यी-रूने चिकटपट्टीने डकवून टाकली होती, घसरते म्हणून. मी नवी आणली ती नीट उभी केली, कडेला. यंत्राला दिसायला नको का?"

आतून चांदीच्या रंगाची, उजेडाचा कवडसाही न जाऊ देणारी पुडी. पोरीचं पाच वर्षांचं काम त्या आडव्या पडलेल्या खाऊने सांभाळलं होतं. आणि पूजेच्या दिवशी मावशींनी ती उचलली, कोणाच्या मनात काही वाईट नसताना. चुआंगबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी मावशींना हाताला धरून सोबत घेतलं. भोक दाखवायला, साक्षीला.

तळघरात त्या झाकणावर वाकल्या आणि तशाच थबकल्या.

भोक नव्हतं. तिथे काळं रबरी बूच घट्ट बसलेलं होतं.

५

"पंग," चुआंगबाई वळल्याशिवायच म्हणाल्या, "खुर्ची घे."

"मी काय केलं, मॅडम?"

"मी 'उजेड' म्हणाले तेव्हा या खोलीत तू आणि मी. माझी करंगळी भोकात गेली ते तू बघितलंस. मी वर गेले. मावशी माझ्यासमोर होत्या, लाय सर आणि यी-रू चौथ्या मजल्यावर. मग हे बूच काय उडत आलं?"

पंगच्या तोंडावरचा रंग उतरला, पण त्याने सावरून घेतलं.

"जमिनीवर सापडलं मला. टेबलाखाली. तुम्ही म्हणालात म्हणून शोधलं आणि लावलं. मदतच केली."

चुआंगबाईंनी नखाने बूच उपटलं आणि दिव्याखाली धरलं.

"टेबलाखालच्या धुळीचा कणही नाही याला. हे काय चिकटलंय बघ. पांढरे धागे. खिसा उलटा कर तुझ्या कोटाचा."

पंगने खिसा उलटा केला नाही. त्याची गरजही उरली नव्हती.

"आत तार सोडायचो, हे तूच सांगितलंस काल. मी नुसतं ऐकून घेतलं, तो माझा मूर्खपणा. तार सोडायला बूच तू काढलंस, परत लावलं नाहीस. ते ठीक आहे, विसरतं माणूस. पण विसरलेलं बूच ड्रॉवरात पडून राहतं, बाळा. खिशात घेऊन फिरतो तो ज्याला आठवलेलं असतं. कधीपासून फिरतोयस?"

पंगने बुचाकडे बघितलं. मावशी दाराला टेकून उभ्या होत्या.

"पहिली चाचणी फसली त्या दिवसापासून," पंग म्हणाला. "झाकण बघितलं आणि लक्षात आलं."

"आणि मूग गिळून बसलास."

"माझी तार त्याच भोकातून जायची, मॅडम. पुडीची पट्टी सोडवून ती मी बाजूला सारायचो, काम झालं की परत डकवायचो. माझ्या रेणूचा रंग तापमानाने उतरतो, असं मी लिहिलंय. उजेडानेही उतरत असेल तर माझे सगळे आकडे गेले. पदवी गेली, ओसाका गेलं. माझ्या आई-वडिलांनी गल्लीत जेवण घातलंय हो." त्याचा आवाज चिरकला. "गुपचूप बूच लावणार होतो. पण चाचणी लागली की खोलीला कुलूप, दिवसभर साक्षीदार. आणि एकदम जमलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, काय बदललं म्हणून. मला वाटलं, तिला कुठेतरी नोकरी लागेल."

"हे तुला वाटलं, का लाय सर म्हणाले?"

"आधी सर म्हणाले. मग मलाही वाटायला लागलं."

चुआंगबाईंना त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच वेळी त्यांना त्याची दयाही आली आणि त्या दयेनेच त्या जास्त चिडल्या. "चल वर," त्या म्हणाल्या. "अजून सही झाली नसेल, तर तुझं नशीब."

६

सही झाली होती.

कागद टेबलावर होता आणि त्याच्यापलीकडे यी-रू ताठ बसली होती. डोळे कोरडे. चुआंगबाईंनी भोक, दिवे, दुपारची झोप, पुडी, सगळं एका दमात सांगितलं. बूच टेबलावर ठेवलं. पंगने मान खाली घालून आपला भाग स्वतः सांगितला, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

यी-रूने एकच विचारलं. "म्हणजे निळं खरं होतं?"

"खरं होतं, पोरी. भोक बंद करून आज पुन्हा लावू. पण मला शंका उरलेली नाही."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. लाय सर मात्र एकदम मोकळे झाले. त्यांनी खुर्ची मागे सारली, हसले, चहाचं भांडं पुढे ओढलं.

"बघा, मी म्हणत होतो ना, काहीतरी साधंच निघणार. यंत्राचा दोष. बाई, अहवालात तेवढं लिहा, झाकणाचं भोक उघडं राहिलं. कोणाचं, कधी, कशाला ते उकरायचं? पंगचं आयुष्य आत्ता सुरू होतंय. यी-रूची पदवी होईल. आपण सगळी एका घरातली माणसं." त्यांनी हात लांबवला. "आण तो कागद इकडे, फाडून टाकतो."

यी-रूने तोंडावरचे हात काढले आणि कागदावर तळवा ठेवला.

"नको, सर."

"अगं, तुझ्याच विरुद्धचा कागद आहे तो."

"आहे. पण यावर सही कर म्हणून तुम्ही आज सकाळपासून मला बसवून ठेवलं होतं. जेवायलाही सोडलं नाहीत. यंत्राचं झाकण बघायला तुम्ही एकदाही खाली आला नाहीत. माझं तोंड मात्र रोज बघत होतात, खोटं कुठे दिसतंय म्हणून." तिने तळवा कागदावर आणखी दाबला. "मी घरी आईला सांगून टाकलं होतं, की बहुतेक मीच खोटी आहे. आई म्हणाली, तू म्हणतेस तर असशील. ते आता कोण फाडणार?"

लाय सरांनी लांबवलेला हात मागे घेतला. पंग भिंतीकडे बघत होता.

तिने कागद उचलला आणि चुआंगबाईंच्या हातात दिला. "हा अहवालाला जोडा, बाई. आणि तो माझ्याकडून कसा घेतला, तेही लिहा. भोकाचं लिहाल त्याच्या खालीच लिहा."

लाय सरांचं हसू गेलं. त्यांनी चहाचं भांडं जागेवर ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "यी-रू, नीट विचार कर. प्रबंधावर अजून माझी सही व्हायची आहे."

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. मग ती चुआंगबाईंकडे वळली. "लिहा, बाई. मी बसते इथे."

चुआंगबाईंनी खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं.